बाळाचा पाट : ढाळ किती असावा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मांडवात दरवर्षी कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतं, कोणी बसवकल्याणच्या अनुभव मंटपावर, कोणी सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनावर. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं की, तुम्ही चौघे गेलं वर्षभर लाकडाची जी खटपट करताय त्यावर बोला. विषय घरगुती आहे, थोडा तांत्रिक आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांत भूमिती येणार आहे. आरतीला अजून वेळ आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे कोण? दोघे सरकारी खात्यातले डिप्लोमावाले, एक सुतारकामात हयात घालवलेले काका आणि एक वहिनी, ज्या दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात नर्स आहेत. वहिनी नसत्या तर आम्ही तिघांनी एक फार देखणी आणि फार धोक्याची वस्तू बनवली असती, असं काका म्हणतात. ते गमतीने म्हणतात, पण त्यात तथ्य आहे ते पुढे कळेल.

सुरुवात झाली ती आजींच्या गुडघ्यांपासून. आपल्या घरांत बाळाला न्हाऊ घालायची रीत सगळ्यांना माहीत आहे. आजी पाटावर बसते, पाय पसरते, नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळ ठेवते, तेल चोळते, कोमट पाणी घालते. बिदरात काय, भालकी-औराद-बसवकल्याणात काय, आळंदला काय, मराठी घर असो की कन्नड, रीत एकच. गुडघा जरा वर घेतला की ढाळ वाढतो, खाली केला की कमी होतो. पाणी पावलांकडे वाहून जातं, नाकातोंडात जात नाही. पायाला बाळाचं अंग लागलेलं असतं, त्यामुळे ते घसरतंय का, थरथरतंय का, हे बघावं लागत नाही, कळतं. हवा तसा कमीजास्त ढाळ देणारा बाळाचा बिछाना आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होता, त्याला फक्त नाव नव्हतं.

आता त्या आजींचे गुडघे गेले. कोणाची वाटी बदलली आहे, कोणाला डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली आहे. सुनेचं सिझेरियन झालेलं, तिलाही टाके सुकेपर्यंत वाकता येत नाही. न्हाऊ घालणारी बाई पूर्वी गल्लीत एक असायची, आता मिळत नाही. तेव्हा मंडळातल्या एका आजींनी हळदी-कुंकवाच्या दिवशी आमच्या काकांना विचारलं, "माझ्या पायांसारखं काहीतरी टेबलावर ठेवायला करून देता का? आणि जरा चढवता-उतरवता आलं, तर बाळ दूध काढतं तेव्हा त्याच्यावरच निजवता येईल."

मागणी एका वाक्यात आली, पण तिच्यात कामं दोन होती. न्हाऊ घालणं हे एक, आणि निजवणं हे दुसरं. पहिलं करता येतं. दुसऱ्यासाठी ढाळ चालतो का, हे शोधण्यात आमचे चार-पाच महिने गेले, आणि आज खरं सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

आधी ढाळ म्हणजे किती ते बघू. बांधकामात आम्ही अंश क्वचितच बोलतो, 'बाराला एक' असं म्हणतो. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प असतो, त्याचा ढाळ साधारण बाराला एक ठेवतात. म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट चढ. अंशात सांगायचं तर पावणेपाचच्या आसपास. त्याच्या दुप्पट, सहाला एक, म्हणजे साडेनऊ अंश. आम्ही पाटाची लांबी ७२ सेंटिमीटर धरली. डोक्याकडची बाजू ६ सेंटिमीटर उचलली की बाराला एक, १२ सेंटिमीटर उचलली की सहाला एक. आणि तीस अंश हवे असतील तर तीच बाजू ३६ सेंटिमीटर उचलावी लागते, लांबीच्या बरोबर निम्मी. घरात उशीवर उशी रचून बाळाला टेकवतात, तेव्हा आपण नकळत या तिसऱ्या ढाळाच्या जवळ गेलेले असतो.

चार किलोचं बाळ धरा. सहाला एक ढाळावर त्याला खाली ओढणारा जोर साधारण ६७० ग्रॅमचा. तीस अंशांवर तो दोन किलो होतो. मोठं माणूस आरामखुर्चीत घसरलं तर पाय रोवून वर सरकतं. तीन महिन्यांचं बाळ तसं करू शकत नाही. ते घसरतं, कंबरेत दुमडतं आणि त्याची हनुवटी छातीला लागते.

इथे वहिनींनी आम्हाला थांबवलं आणि बाळाची शरीररचना समजावली. बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भागाएवढं असतं आणि मागच्या बाजूला फुगीर असतं. मान ते पेलू शकत नाही. नवजात बाळाच्या श्वासनळीचा व्यास चार-पाच मिलिमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या सरबताच्या नळीएवढा. आम्ही पाइपवाले असल्यामुळे पुढचं गणित आम्हाला लगेच कळलं. नळीचा व्यास निम्मा झाला की संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. हनुवटी छातीला टेकली की हीच नळी वरच्या बाजूला दबते. बाळ रडत नाही, कारण रडायलाही हवा लागते. शांत झोपलंय असंच वाटतं.

याची एक हकीकत आमच्या ओळखीच्या घरातलीच आहे. हैदराबादेहून बाळाला घेऊन कुटुंब आलं. गाडीत बसवायच्या बाळाच्या खुर्चीत ते झोपलं होतं. झोपमोड नको म्हणून खुर्ची तशीच उचलून दिवाणखान्यात सोफ्यावर ठेवली आणि मंडळी चहाला बसली. थोड्या वेळाने बाळाची मावशी सहज डोकावली तेव्हा ओठांचा रंग बदलला होता. तिने उचलून सरळ केलं, बाळाने दीर्घ श्वास घेतला, रडलं. दवाखान्यात नेलं, सगळं ठीक निघालं. खुर्चीत दोष नव्हता. गाडी चालू असताना ती खुर्ची हवीच, ती बाळाला वाचवते. पण घरी पोचल्यावर, झोपमोड झाली तरी चालेल, बाळाला बाहेर काढून सपाट ठेवायचं.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे, आणि ते आपल्या मंडळींना मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-सुना तिकडे आहेत आणि बाळाच्या वस्तू बॅगेतून इकडे येतात. फिशर-प्राइस या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने २००९ मध्ये 'रॉक अँड प्ले' नावाचा कलता पाळणा बाजारात आणला. ढाळ सुमारे तीस अंश. बाळं त्यात पटकन झोपायची, दमलेले आईबाप खूश व्हायचे. जवळजवळ ४७ लाख नग खपले. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने ते सगळे परत मागवले, तोवर तीसहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा नोंदलेले मृत्यू सुमारे शंभरावर गेले होते. त्यातले काही परत मागवल्यानंतरचे होते, कारण लोकांच्या घरात, माळ्यावर, ओळखीपाळखीत तो पाळणा फिरतच राहिला.

त्या आयोगाने अभियंत्यांकडून बाळांच्या पोटाच्या स्नायूंवर आणि मानेवर ढाळाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करवून घेतला. निष्कर्ष असा की झोपण्याच्या वस्तूचा ढाळ दहा अंशांपेक्षा जास्त नको. मे २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला, त्याहून जास्त ढाळाचे बाळांचे झोपायचे पाळणे बनवायलाही बंदी आणि विकायलाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर याहून कडक आहे : बाळाने पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपावं, ढाळ नकोच. पाठीवर निजवण्याची मोहीम तिथे १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

तुम्ही म्हणाल, मग दूध नाकात जाईल त्याचं काय? हा प्रश्न आम्हालाही पडला होता आणि आजींचा तर तो मुख्य मुद्दा होता. वहिनींनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ पाठीवर असताना श्वासनळी वरच्या बाजूला असते आणि अन्ननळी तिच्या खाली. पोटातून वर आलेलं दूध अन्ननळीच्या तोंडाशी जमतं. श्वासनळीत जायला त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावं लागेल. बाळ पालथं असेल तर नेमकं उलट होतं, श्वासनळी खाली येते. म्हणून पाठीवर निजवलेलं बाळ गुदमरेल ही भीती उलटी आहे. बहुतेक बाळांचं दूध काढणं चौथ्या महिन्याच्या आसपास जास्त असतं आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. त्यासाठी डोकं उंच करून निजवू नका, असं युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांनी २०१८च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. दूध पाजून झालं की खांद्यावर घ्यावं, पाठ चोळावी, ढेकर काढावा, हे आपल्या आज्या सांगतच होत्या. त्यावर आम्ही काही सुधारणा सुचवू शकत नाही. अर्थात वजन वाढत नसेल, हिरवी किंवा रक्ताची उलटी होत असेल, धार जोरात लांब उडत असेल, तर ढाळबिळ बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचे.

दवाखान्यात मात्र डोक्याकडची बाजू उचललेली दिसते, हे कोणीतरी विचारणारच. तिथल्या वॉर्मरला तशी सोय असते. पण तिथे बाळाच्या पावलाला प्राणवायू मोजणारी पट्टी असते, यंत्र वाजतं, आणि नर्स चार पावलांवर उभी असते. घरात रात्री तीन वाजता यातलं काहीच नसतं.

आणि अगदी कमी वजनाच्या बाळाला तर दवाखान्यातही आता कलता बिछाना म्हणून आईची छातीच देतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एदगार रेय यांनी इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून बाळं आयांच्या छातीला, त्वचेला त्वचा लावून, उभी बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत ती हीच. आपल्याच राज्यात कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून ती मोठ्या प्रमाणावर राबवून तिचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. त्या पद्धतीत आई मागे टेकते, बाळाची मान किंचित वर, एका बाजूला वळवलेली, आणि कापडाची कड कानाच्या खालपर्यंत. हनुवटी छातीला लागू द्यायची नाही, हा नियम तिथेही पहिला.

आता पाळणा आणि झोळी. पाळण्याबद्दल आम्हाला अभिमानाने सांगावंसं वाटतं की आपला लाकडी पाळणा तळाला सपाटच असतो. धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगीचे रंगीत तोट्टिलु प्रसिद्ध आहेत, कृष्णलीला आणि रामायणातले प्रसंग रंगवलेले. कोणाच्या घरी जुना असेल तर जपा. पण बारशासाठी तो नव्याने रंगवायला देणार असाल तर रंग बघून घ्या. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. दुकानात मागे पडलेला जुना डबा नको. बाळ कठडा चाटतंच. कठड्याच्या दोन गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर अंग निसटून डोकं अडकतं.

झोळीबद्दल बोललं की मंडळी रागावतात. आम्ही सगळे झोळीतच वाढलो, हे उत्तर आम्हाला आतापर्यंत निदान वीस जणांनी दिलं आहे. शेतात तूर खुडायला गेलेल्या बाईने बाभळीला लुगड्याची झोळी बांधली नाही तर बाळ ठेवायचं कुठे, विंचवाकाट्यात? ते खरंच आहे. आम्ही झोळी सोडा म्हणत नाही. पण झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हेही खरं. जुन्या बायका झोळीच्या वर दोन्ही कडांमध्ये आडवी काठी घालतात, त्याने कापड पसरतं आणि वाक कमी होतो. ती काठी घाला. झोळी कमरेच्या खाली ठेवा, तोंड दिसेल अशी ठेवा, रात्रभर तिच्यात निजवू नका. आणि चालायला लागलेल्या मोठ्या भावंडाला रिकाम्या झोळीशी खेळू देऊ नका, पीळ गळ्याला बसतो.

तर या सगळ्यानंतर आम्ही ठरवलं की वस्तू करायची ती न्हाऊ घालण्याची आणि तेल लावण्याची. तिला बिछाना म्हणायचं नाही, पलंग म्हणायचं नाही, पाट म्हणायचं. नावात काय आहे, असं डिप्लोमावाल्यांना वाटतं. पण बिछाना म्हटलं की माणसं निजवणारच. पाटावर कोणी निजत नाही.

पाट सागवानी आहे, एकसंध, रंग दिलेला नाही. बिजागरी पायाकडच्या कडेला आहे. मधे बिजागरी दिली असती तर करायला सोपं होतं आणि दिसायला आरामखुर्चीसारखं झालं असतं, पण मग बाळ नेमकं कंबरेत मोडतं. इथे सगळी फळी एकसारखी उचलली जाते, पाठ आणि मान एका रेषेत राहते. टेकूला मागे खाचा तीन : सपाट, बाराला एक, सहाला एक. चौथी खाच नाही. एका गृहस्थांनी आम्हाला चौथी पाडून मागितली, जास्तीचे पैसेही देऊ केले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

ही तीन खाचांची कल्पना आम्हाला गडचिरोलीवरून सुचली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्या बाईने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम उभं केलं. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं तेव्हा ३९ गावांत बालमृत्यूंपैकी पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. त्याआधी त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेवटचा मणी लाल. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्युमोनियाची शंका. आकडे न येणाऱ्या बाईलाही जमतं, कारण आकडा मण्यांतच बसवलेला आहे. सूचनापत्रक छापून भागत नाही, हे आम्ही सरकारी खात्यात रोज बघतो. म्हणून मर्यादा कागदावर न लिहिता लाकडात घातली. खाचच नसेल तर कोणी तीस अंशांवर नेणार कसं?

घसरण्याची परीक्षा चार किलो ज्वारीच्या पिशवीने केली. पिशवीवर प्लास्टिक चढवून तेल लावलं तर बाराला एक ढाळावरही ती सरकली. ओला पंचा चौघडी करून खाली घातला तेव्हा सहाला एकवरही जागची हलली नाही. म्हणून पाटावर पंचा हवाच, आणि मांड्यांखाली कापडाची गुंडाळी. दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटरचा कठडा, कडा गोल घासलेल्या. पाणी जायला दोन उथळ पन्हळी कोरल्या आहेत, आरपार भोकं नाहीत. भोकात बोट अडकण्याची जी मापं असतात, सात ते बारा मिलिमीटर, ती टाळण्यापेक्षा भोकच नको असं ठरलं. खिट्टी ओढायला दोन हात लागतात. म्हणजे ढाळ बदलताना बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असलंच पाहिजे. यावर आजींनी तक्रार केली की घरात दुसरं माणूस नसतं. मग बाळ पलंगावर सपाट ठेवावं, ढाळ लावावा आणि मग उचलून आणावं, असं वहिनींनी सांगितलं. आजींना ते फारसं पटलेलं नाही, पण वापरतात तसंच.

पाट टेबलावर राहतो, आजी समोर स्टुलावर बसतात. एक हात बाळावर कायम. फोन वाजला तर वाजू द्यायचा. न्हाणं झालं की बाळ गुंडाळून आईकडे, आणि पाट भिंतीला उभा. कन्नडमध्ये ओटीला आपल्या भागात उडी म्हणतात. आमच्या शेजारच्या कन्नड घरातल्या अज्जींनी पाट पाहिला, हात फिरवला आणि म्हणाल्या, उडीची सर नाही, पण गुडघ्यांना बरं.

आत्तापर्यंत असे पाच पाट झाले. दोन कलबुर्गीत आहेत, एक हुमनाबादला, एक भालकीला आणि पाचवा मांडवाच्या डाव्या बाजूला, ध्वनिक्षेपकाच्या पेटीशेजारी ठेवला आहे. मापांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे, ज्यांचे सुतार ओळखीचे आहेत त्यांनी तो न्यावा, पैसे नाहीत. पाटावर ज्वारीची पिशवी ठेवली आहे, खाचा बदलून ढाळ हाताने बघा. आणि माळ्यावर परदेशातून आलेला कलता पाळणा असेल, तर त्याचं नाव आणि साल लिहून वहिनींना दाखवा, त्या आरतीनंतर पाटाजवळच थांबणार आहेत.